बॉनेटवरचा उजेड : प्रस्तावना

छोट्या मोटारी करणाऱ्या मंडळींमध्ये गेली काही वर्षं एक वाद धुमसतो आहे. एका बाजूचं म्हणणं असं की थ्री-डी प्रिंटर आला आणि या छंदातली कारागिरी संपली. फाइल उतरवून घ्यायची, बटण दाबायचं, सकाळी गाडी तयार. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की कानस आणि पॉलिश पेपर घेऊन महिनोन्‌महिने लाकूड घासत बसण्यात काही अर्थ नाही. मापं बरोबर आली पाहिजेत, आणि ती यंत्र माणसापेक्षा चांगली आणतं. मी दोन्ही पद्धतींनी काम करतो आणि दोन्हींवर माझा जीव आहे. या पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणं हाताच्या कामाची आहेत आणि यंत्रं नंतर येतात. हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. तो का, हे सांगायचं तर प्रस्तावना जरा लांबवावी लागेल.

यंत्र माप बिनचूक देतं, याबद्दल दुमत नाही. पण बिनचूक मापाची छोटी गाडी मूळ गाडीसारखी दिसेलच असं नाही. गाडी लहान केली की तिच्यावर पडणारा उजेड लहान होत नाही, रंगाचा थर लहान होत नाही आणि पाहणाऱ्याचा डोळाही लहान होत नाही. त्यामुळे कुठे मापाला धरून राहायचं आणि कुठे केसभर सोडायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवण्याची नजर आकार हाताने घडवताना तयार होते, असं माझं ठाम मत आहे. प्रिंटरने ही गरज कमी केलेली नाही. उलट वाढवली आहे.

प्रीमियर पद्मिनीचंच उदाहरण घेऊ. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट बनू लागली, सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती घराघरात पोचली. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर. १:२४ प्रमाणात ते ९७.५ मिलिमीटर होतं. इथपर्यंत सगळं सरळ आहे. आता दाराभोवतीची फट बघा. खऱ्या गाडीत ती चार मिलिमीटरची धरली, तर छोट्या गाडीत ती ०.१७ मिलिमीटर यायला हवी. इतक्या बारीक खाचेत रंगाचे दोन हात बसले की ती बुजून जाते. खऱ्या गाडीवरच्या रंगाची एकूण जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर असते. तेवढाच रंग आपण छोट्या गाडीवर मारला, तर प्रमाणाच्या हिशेबात तो जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड झाला. म्हणजे कडा बोथट होणार, दाराचं हँडल सुजल्यासारखं दिसणार, बिल्ल्यावरची अक्षरं भरून जाणार. म्हणून जाणकार माणूस खाच आधीच थोडी रुंद आणि खोल कोरतो, कड गरजेपेक्षा तीक्ष्ण ठेवतो आणि रंग पातळ करून, थर मोजून मारतो. चंदेरी रंगाचंही तसंच. खऱ्या गाडीच्या डब्यातला मेटॅलिक रंग छोट्या गाडीवर मारला की त्यातला प्रत्येक कण वेगळा चमकतो आणि गाडी वाळूच्या कागदात गुंडाळल्यासारखी दिसते.

प्रिंटरला यातलं काहीच ठाऊक नसतं. मूळ मापांना २४ ने भागून दिलं की तो इमानदारीने तेवढंच करतो. खिडकीच्या पाच मिलिमीटर काचेला २४ ने भागलं तर ०.२ मिलिमीटर येतात, आणि रेझिनची तेवढी पातळ भिंत आधार काढतानाच मोडते. फाइल तयार करणाऱ्याने काच वेगळ्या पारदर्शक पत्र्यातून कापायचं ठरवलेलं असेल, तर गाडी वाचते. हा निर्णय संगणकावर घेतलेला असतो, पण तो घेणाऱ्याने कधीतरी पत्रा कात्रीने कापून चौकटीत बसवलेला असतो.

आता बॉनेट. या पुस्तकातली सगळ्यात जास्त पानं बॉनेटनेच खाल्ली आहेत. घरगुती रेझिन प्रिंटरमध्ये खाली एक पडदा असतो, त्यातून ४०५ नॅनोमीटरचा जांभळट प्रकाश येतो आणि टाकीतल्या पातळ रेझिनचा एक एक थर घट्ट करत जातो. एक थर बहुधा ०.०५ मिलिमीटरचा. ऐकायला हे फार बारीक वाटतं. पण १:२४ च्या हिशेबात ती १.२ मिलिमीटरची पायरी झाली. गाडीच्या उभ्या बाजूंवर पायऱ्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात की दिसत नाहीत. बॉनेट आणि टप मात्र जवळजवळ आडवे. तिथे एक थर संपून दुसरा सुरू होईपर्यंत बरंच अंतर जातं, आणि नकाशावर डोंगराच्या समोच्च रेषा असतात तशा वळणदार रेषा बॉनेटभर उमटतात. गाडी तिरकी ठेवून छापली तर त्या कमी होतात. थर आणखी पातळ केला तरी कमी होतात. पूर्णपणे जात नाहीत.

छपाई झाली की गाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची, आधाराच्या काड्या हलक्या हाताने काढायच्या, अतिनील दिव्याखाली पक्की करायची आणि मग पॉलिश पेपर घ्यायचा. चारशेचा, मग आठशेचा, मग हजाराचा, पाणी लावून. काम यंत्राने केलं असं आपण म्हणतो, ते खरं तर इथे सुरू होतं. पद्मिनीच्या दिव्यांवरून मागे जाणारा मडगार्डचा उंचवटा आणि बॉनेटचा फुगवटा यांच्यामध्ये एक उथळ पन्हळ आहे. बोटाने पेपर दाबून घासलं की पन्हळीचा तळ खोल जातो आणि कडा गोल होतात. पेपर रबराच्या तुकड्यावर गुंडाळून, पन्हळीच्या दिशेने लांब हात मारले तर आकार टिकतो. मग करड्या प्रायमरचा एक हात, त्यावर काळ्या रंगाचा धुरकट फवारा, आणि पुन्हा घासणं. जिथे काळं उरलं तिथे खळगा, जिथे आधी उडालं तिथे उंचवटा. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगवाले लांबी भरल्यावर हेच करतात आणि मला हे त्यांच्याकडूनच शिकायला मिळालं. शेवटी गाडी ट्यूबलाइटखाली धरून हळूहळू फिरवायची. नळीचं प्रतिबिंब बॉनेटवरून न तुटता, न थरथरता सरकलं पाहिजे. ते कुठे अडखळलं तर समजावं की आकार चुकला आहे, मग कॅलिपर काहीही सांगो.

ही परीक्षा छंदवाल्यांनी शोधलेली नाही. मोटारींचे आकार ठरतात त्या स्टुडिओंमध्ये ती कित्येक दशकं चालत आली आहे. लॉस एंजेलिसमध्ये गाड्यांची बांधणी करणारा हार्ली अर्ल १९२७ मध्ये जनरल मोटर्समध्ये आला आणि मातीतून पूर्ण आकाराची गाडी घडवण्याची रीत त्याने तिथे रुजवली. आजही संगणकावर आरेखन होतं, यंत्र मातीचा ढोबळ आकार कापतं, आणि त्यानंतर माती-कारागीर पात्या घेऊन तो आकार हाताने पक्का करतात. मातीवर चकचकीत फिल्म ताणून बसवतात आणि त्यावरून उजेड कसा वाहतो ते बघतात. इतक्या प्रचंड कंपन्या, इतके महागडे संगणक, आणि तरी शेवटची मान्यता मातीवरच्या उजेडाकडे बघून दिली जाते. छंद करणाऱ्या माणसाने यातून काय घ्यायचं ते मला अगदी स्पष्ट दिसतं.

हात आणि यंत्र यांचं नातंही काही आजच जुळलेलं नाही. छोट्या मोटारींच्या इतिहासात ती दोघं पहिल्यापासून एकत्रच आहेत. लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीने १९३० च्या दशकात डिंकी गाड्या काढल्या त्या हॉर्न्बीच्या खेळण्यातल्या ओ-गेज आगगाड्यांच्या शेजारी ठेवायला. तिथे एका फुटाला सात मिलिमीटर हे प्रमाण होतं, आणि संग्राहकांचं आवडतं १:४३ हे प्रमाण तिथूनच आलं. पुढे १९५३ मध्ये लेस्नीच्या मॅचबॉक्स गाड्या आल्या. लाखांनी निघणाऱ्या अशा ओतीव गाड्यांना कुणी हस्तकला म्हणणार नाही. पण साचा कसा तयार होत असे ते बघा. आधी एक कारागीर लाकडात किंवा रेझिनमध्ये गाडी मोठ्या आकारात कोरायचा. मग पँटोग्राफ यंत्राची एक सुई त्या कोरीव आकारावरून फिरायची आणि दुसऱ्या टोकाचं कटर तोच आकार लहान करून पोलादात उतरवायचं. मोठ्या आकारात केलेली चूक लहान होताना आपोआप कमी व्हायची, हा त्यातला खरा शहाणपणा. लाखो मुलांच्या हातात गेलेल्या त्या गाड्यांच्या मुळाशी एका माणसाचं कोरीवकाम होतं. त्याचं नाव डब्यावर कुठेच नसायचं.

कोल्हापूरच्या फाउंड्रींना लाकडी पॅटर्न करून देणारे कारागीर ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा आणि त्यासाठी आकसण्याची भर आधीच धरलेली पट्टी वापरायची. रेझिनही पक्कं होताना आकसतं. छापलेली गाडी दोन दिवसांनी मोजली की फाइलमधलं माप आणि हातातलं माप यांत फरक निघतो आणि नवखे लोक गोंधळतात. पॅटर्न करणारा गोंधळणार नाही.

निव्वळ हाताच्या कामाबद्दल बोलायचं तर मला अमेरिकेतला एक उपक्रम आठवल्याशिवाय राहत नाही. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी कारागीर संघ सुरू केला. साधारण बारा ते वीस वर्षांच्या मुलांनी नेपोलियनच्या राजेशाही बग्गीची प्रतिकृती करायची. तिची दारं उघडली पाहिजेत, पायऱ्या उलगडल्या पाहिजेत, आत गादीकाम हवं, बाहेर नक्षी हवी, आणि सगळं स्वतःच्या हाताने. विजेत्यांना कॉलेजची शिष्यवृत्ती मिळायची, आणि मंदीच्या काळात ती फार मोठी गोष्ट होती. १९३७ पासून बग्गीच्या जोडीला स्वतःच्या कल्पनेतली मोटार करण्याची स्पर्धा आली आणि ती १९६८ पर्यंत चालली. मुलांनी गॅरेजमध्ये, स्वयंपाकघराच्या टेबलावर लाकूड कोरून गाड्या केल्या. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या संपूर्ण डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. मोटार कंपनीला चांगले डिझायनर हवे होते, म्हणून तिने पोरांच्या हातात लाकूड आणि कानस दिली. मला यातला हा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो. लाकूड परत जोडता येत नाही. एक हात जास्त बसला की आकार गेला. त्यामुळे प्रत्येक हात मारण्याआधी बघावं लागतं, आणि वर्षभर असं बघत राहिलेल्या मुलाला गाडीचा खांदा कुठे संपतो आणि कंबर कुठे सुरू होते, हे कुणी शिकवावं लागत नाही.

इंग्लंडच्या जेराल्ड विंग्रोव्हने हाच मार्ग टोकापर्यंत नेला. ड्यूसेनबर्ग, बुगाटी, रोल्स-रॉईस अशा गाड्यांच्या १:१५ प्रमाणातल्या त्याच्या प्रतिकृती बघितल्या की छायाचित्रात खरी गाडी आहे की छोटी, हे ओळखता येत नाही. तारांच्या चाकांचं काम घ्या. खऱ्या चाकाची तार पाच मिलिमीटरची धरली तर त्याच्या प्रमाणात ती एक तृतीयांश मिलिमीटर होते. अशी प्रत्येक तार तुंब्यापासून धावेपर्यंत ओवायची, तीही खऱ्या चाकासारखी एकमेकींना छेदत जाणारी, आणि चाक फिरवल्यावर ते डुलता कामा नये. आणि हा माणूस यंत्रांना नाही म्हणणारा नव्हता. लेथ त्याच्या कामाचा कणा होता. चाकं ओवायला त्याने स्वतःची जिगं, म्हणजे भाग जागेवर धरणारे साचे, केली. त्याने आपल्या रीती लपवून ठेवल्या नाहीत, हे मला त्याचं सगळ्यात मोठं देणं वाटतं. १९७८ मध्ये आलेल्या त्याच्या ‘द कम्प्लीट कार मॉडेलर’ या पुस्तकाने जगभरच्या छंदवाल्यांना घरच्या घरी काय शक्य आहे ते दाखवलं.

जपानमध्ये शिझुओकाच्या टामिया कंपनीने सुरुवात लाकडाच्या धंद्यातून आणि लाकडी मॉडेलांतून केली आणि मग ती प्लॅस्टिककडे वळली. १९७६ च्या १:१२ पोर्शे ९३४ साठी त्यांनी एक पोर्शे ९११ विकत घेतली आणि सुटी करून बघितली. त्या किटची कीर्ती आजही आहे, आणि ती नुसती प्लॅस्टिक ओतणाऱ्या यंत्राची कीर्ती नव्हे. कुणीतरी खऱ्या गाडीचा एकेक भाग हातात घेऊन पाहिला होता.

प्लॅस्टिकचे किट आले तेव्हा लाकूड कोरणारे नाराज झाले. पितळी पत्र्यावर प्रकाशाने आकृती उमटवून, आम्लाने नको तो भाग खाऊन टाकण्याची रीत आली, आणि वायपर, जाळ्या, पट्ट्यांची बकलं तयार मिळू लागली, तेव्हा हाताने तार वाकवणाऱ्यांना वाटलं की आपल्या कामाची किंमत गेली. प्रिंटरची कथाही तशीच वाटते, पण एका बाबतीत ती वेगळी आहे. जपानच्या हिदेओ कोदामाने १९८१ मध्ये प्रकाशाने थर घट्ट करण्याच्या रीतीचं वर्णन छापलं, अमेरिकेत चक हलला १९८६ मध्ये पेटंट मिळालं, आणि त्यानंतरची बरीच वर्षं ही यंत्रं कारखान्यांपुरती होती. आता ती लिहिण्याच्या टेबलावर मावतात. आजवरच्या प्रत्येक नव्या रीतीने वस्तू कारखान्यातून घरी आणली. या रीतीने कारखानाच घरी आणला. म्हणूनच यातली जोखीमही मोठी आहे, आणि संधीही.

संधीबद्दल मला मोकळेपणाने बोलू द्या, कारण हाताचं कौतुक करणारा माणूस यंत्राचा वैरी असतो असा समज होतो. हाताने कोरलेल्या गाडीत सगळ्यात अवघड काय असतं? डावी आणि उजवी बाजू सारखी आणणं. डावं मडगार्ड झकास जमतं, आणि उजवं त्याच्यासारखं करताना आठवडे जातात. संगणकात अर्धी गाडी आखायची आणि आरशात उलटवायची, प्रश्न मिटला. पद्मिनीची पुढची जाळी, मागच्या दिव्याची चौकट, स्टिअरिंगमागचा गिअरचा दांडा, हे सगळं हाताने करण्याच्या नादात कितीतरी गाड्या अर्धवट राहिल्या आहेत. छापलेली जाळी बसवून गाडी पुरी होत असेल, तर मी आनंदाने छापलेली जाळी बसवीन. आणि जगातल्या मोठ्या किट कंपन्यांना पद्मिनीशी काही घेणंदेणं नाही. टामियाच्या डब्यातून ती कधी निघाली नाही. आपल्या रस्त्यांवरच्या गाड्या, बेस्टच्या बसा, एसटीचे लाल डबे छोट्या आकारात टिकवायचे असतील, तर ते आपल्यालाच करावे लागतील, आणि एकाने केलेली फाइल दहा गावांतल्या दहाजणांना वापरता येते. हे सामर्थ्य लाकडी ठोकळ्याला नाही.

मात्र टिकण्याचा प्रश्न मला सतावतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कित्येक डिंकी गाड्यांच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ शिरली होती; तो धातू आतून फुगतो, चिरतो, आणि एक दिवस गाडीचा भुगा होतो. रेझिनही उजेडात ठेवलं की हळूहळू पक्कं होत राहतं, ठिसूळ होतं, पातळ भाग वाकतात. म्हणून छापलेल्या गाडीला आतून-बाहेरून नीट रंग द्यावा, उन्हात ठेवू नये. आणि फाइल ही जपायची वस्तू आहे, असं मानून तिच्याजवळ मापांचं टिपण ठेवावं: कुठलं माप खऱ्या गाडीवरून घेतलं, कुठलं छायाचित्रावरून काढलं, कुठे मुद्दाम फरक केला. हे टिपण नसेल, तर पुढचा माणूस तुमची तडजोड खरं माप समजून उचलेल आणि चूक गावोगाव छापली जाईल. आजच फिरणाऱ्या अनेक फाइलींत हे झालेलं दिसतं. एकाच गाडीच्या चार जणांच्या फाइली, आणि चौघांच्याही टपाला तोच चुकीचा बाक.

मोबाइलवर शंभरेक छायाचित्रं काढून त्यांतून आकार उभा करणारी ॲप आता सहज मिळतात. ती वापरावीत. पण चकचकीत रंग, क्रोम आणि काच यांच्यापुढे ती भांबावतात, कारण प्रत्येक छायाचित्रात प्रतिबिंब हललेलं असतं. मालकाची परवानगी असेल तर गाडीवर टाल्कम पावडरचा हलका हात द्यावा, नाहीतर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावून खुणा कराव्यात. आणि मग, ॲपवर विसंबून न राहता, टेप घेऊन चाकांमधलं अंतर, टपाची उंची, काचेचा कल, मडगार्डपासून जमिनीपर्यंतची जागा स्वतः मोजावी. पुठ्ठ्याचा फर्मा बॉनेटच्या वळणावर कापून घ्यावा. त्या पुठ्ठ्याने मला कुठल्याही ॲपपेक्षा जास्त शिकवलं आहे, कारण तो कापताना वळण कुठे ताठ होतं ते हाताला कळतं.

या पुस्तकाचा पहिला भाग म्हणूनच एका लाकडी पद्मिनीचा आहे. ती १:२४ मध्ये आहे, घन आहे, तिला आतली सजावट नाही, काचांच्या जागी काळा रंग आहे. लाकूड, फर्मे, कानस, पॉलिश पेपर आणि प्रायमर यापलीकडे तिला काही लागत नाही. ती पुरी झाली की संगणक उघडावा. त्यानंतरची प्रकरणं आरेखन, छपाई, पितळी पत्र्याचं काम आणि रंग यांची आहेत, आणि तिथे मी वाचकाकडून कुठलीच काटकसर मागत नाही. जे यंत्र परवडेल ते घ्यावं आणि त्याच्याकडून पुरेपूर काम घ्यावं.

एक घाई मात्र आहे. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. काही खासगी गाड्या अजून चालतात, काही गॅरेजच्या मागच्या अंगणात गंजत आहेत, बाकीच्या भंगारात गेल्या. जुन्या जीप, टेम्पो आणि ट्रकांचं त्याहून वाईट आहे, कारण त्या जपून ठेवाव्यात असं फार कुणाला वाटत नाही. ज्यांच्या गावात अशी एखादी गाडी उभी असेल त्यांनी तिच्या मालकाशी बोलून मापं घेऊन ठेवावीत, मॉडेल करायला लगेच वेळ नसला तरी. कुठली मापं घ्यायची, कुठून कुठपर्यंत, आणि टेप कसा धरायचा, त्याचा तक्ता पहिल्या प्रकरणाच्या शेवटी दिला आहे. तो फाडून खिशात ठेवता येईल अशा बेताने छापला आहे.